राज्य आपलं, नळी त्यांची

तंजावर सोडलं तसे मेहुणे वेंकोजीराजांवर आले. १६७०च्या दशकात वेंकोजी भोसले इथं आले आणि त्यांच्या घराण्याचं राज्य थेट १८५५पर्यंत टिकलं, तेव्हा कुंभकोणमपर्यंतचे चाळीस किलोमीटर आपल्याच मुलखातले, असा मेहुण्यांचा हिशेब. हॉर्नही ते त्याच थाटात वाजवत होते.

गाडी १९६०ची अँबॅसेडर. २०२१च्या सरकारी नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मेहुण्यांनी नोंद केलेली नाही. घरच्यांना मात्र तिला व्हिंटेज म्हणायची सक्ती आहे.

महामहम तलाव जवळ आला आणि माझ्या पायांवर काहीतरी कोमट ओघळलं. दर बारा वर्षांनी इथं स्नानाला लाखो लोक लोटतात. माझं अभ्यंग तिथीआधीच सुरू झालं होतं. ऑइल गेजचा काटा शून्यावर. “गेज बिघडलंय,” मेहुणे म्हणाले. मी चप्पल उचलून दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी इंजिन बंद केलं.

मेकॅनिक अण्णांनी बॉनेट उघडलं आणि हातवाऱ्यांनी सगळं समजावलं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डुलतं, डॅशबोर्ड ढिम्म. दोघांमध्ये गेजची तांब्याची बारीक नळी. सारख्या हादऱ्यांनी तांबं कडक होतं आणि एक दिवस चिरतं. आत तेल दाबाखाली, त्यामुळे केसाएवढी चीरही पुरते.

नवी नळी? अण्णांनी मान हलवली. ती ‘हो’ची की ‘नाही’ची, हे ठरेपर्यंत ते नळी काढून भांड्यांच्या गल्लीत गेलेसुद्धा. जवळच्या नाचियारकोविलच्या पितळी समया प्रसिद्ध, स्वामिमलैला पंचधातूचे देव ओततात; अशा ठिकाणी हातभर नळीची काय कथा! म्हाताऱ्या तांबटानं टाकणखार लावून पितळेचा झाळ दिला, नळी लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली.

“अहो, कडक होईल ना!” मेहुणे किंचाळले. कडक होतं ते पोलाद. तांबं मऊ पडतं. म्हाताऱ्यानं ती नळी त्यांच्या हातात देऊन वाकवायला लावली आणि मेहुणे बराच वेळ गप्प बसले. या प्रवासातला सर्वांत सुखाचा काळ तोच.

हादरे सोसायला नळीला दोन वेढे हवेत. अण्णांनी त्यासाठी कॉफीचा पितळी पेला मागवला. पेला भरलेला आला, म्हणून आधी कॉफी प्यावी लागली. कुंभकोणमची डिग्री कॉफी घाईनं पिणं तिथं असभ्य समजत असावेत. दुरुस्तीपेक्षा तिलाच जास्त वेळ लागला. मग रिकाम्या पेल्याभोवती वेढे पडले, नट आवळले, तेल भरलं आणि काटा पन्नासावर चढला.

पैसे देताना मेहुण्यांनी पुन्हा वेंकोजीराजे काढले. आपलंच राज्य होतं, काही कमी करा, असं हिंदीत सांगून पाहिलं. अण्णांनी शांतपणे बिलबुक उघडलं.

“फिर बिल राजा के नाम पे बनाऊँ, सार?”