गार्डसाहेबांचा बोळ

भुसावळ हे गाव रेल्वेने वसवले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा एक फाटा येथून निघून १८६७ साली नागपुरास आणि दुसरा खांडव्यावरून १८७० साली जबलपुराकडे जाऊन भिडला, तेव्हापासून या गावाला जे वळण लागले ते रुळांपुरते राहिले नाही, माणसांच्या स्वभावातही उतरले, याविषयी मात्र दुमत होऊ नये. या स्वभावाचा शुद्ध नमुना ज्याला पाहावयाचा असेल त्याने स्टेशनावर न जाता जामनेर रोडच्या किंवा यावल रोडच्या बाजूला, फंडाच्या पैशातून नुकत्याच उभ्या राहिलेल्या एखाद्या घराची कडी वाजवावी. आत एक गार्डसाहेब असतात. नोकरी संपली तरी हुद्दा संपत नाही, हा भुसावळचा अलिखित कायदा असल्यामुळे दूधवाल्यापासून जावयापर्यंत सारे त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. असे गार्डसाहेब आळीआळीला आहेत. मी येथे ज्यांचे वर्णन करीत आहे ते त्या सर्वांचे मिळून एक आहेत.

गार्ड हा गाडीच्या शेपटाशी बसणारा मनुष्य. ड्रायव्हरला रस्ता दिसतो तो यायच्या आधी. गार्डाला दिसतो तो गेल्यानंतर. तीस वर्षे या पद्धतीने प्रवास केलेल्या माणसाचा रंगांशी जो संबंध येतो, तो चित्रकाराच्या संबंधाहून अगदी निराळा. रेल्वेत रंगाला आवडनिवड नसते, अर्थ असतो. लाल झेंडी सुंदर आहे की भडक, हा प्रश्न विचारण्याआधी गाडी थांबवावी लागते. झेंडी हाताशी नसली तरी दोन्ही हात डोक्यावर उंच उभारले की थांबा आणि एक हात आडवा, स्थिर धरला की चला, असे नियमांच्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. आणि गार्डसाहेबांचा त्या पुस्तकावर जेवढा विश्वास होता तेवढा गीतेवर असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आयुष्यभर रंगांचे हुकूम ज्याने इमानेइतबारे पाळले, त्याच्यावर उतारवयात रंगाला हुकूम सोडण्याची पाळी यावी, आणि तीही स्वतःच्या घरात, यासारखी परीक्षा नाही.

ही परीक्षा घेतली ती बोळाने. दारापासून माजघरापर्यंत जाणारा, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकाच रुंद, खिडकी नसलेला असा तो एक बोळ. बाकीच्या खोल्यांना रंगाऱ्याने वास्तुशांतीच्या गडबडीत कोणाला न विचारताच चुना फासला होता, म्हणून त्या सुखाने राहण्याजोग्या झाल्या होत्या. बोळ तेवढा राहून गेला. आणि राहिलेल्या कामाला विचार करण्यास अवधी मिळतो, हेच त्याचे दुर्दैव.

प्रथम तांबड्या रंगाची कैफियत ऐकण्यात आली व ती तत्काळ निकालात निघाली. कारण दार उघडताच समोर लाल दिसल्यास जावई उंबरठ्यावरच उभा राहील, अशी गार्डसाहेबांना रास्त भीती वाटली. हिरव्याबद्दल आक्षेप नेमका उलट होता. हिरवा म्हणजे मार्ग मोकळा. तो पाहून विमा एजंट, गणपतीची वर्गणी मागणारी पोरे आणि मुलीसाठी स्थळ सुचवणारे लांबचे नातलग हे सारे न थांबता थेट चुलीपर्यंत जातील. पिवळ्याचा अर्थ, पुढे थांबावे लागेल या तयारीने चला. बोळाच्या टोकाला माजघर आणि माजघरात बाईसाहेब, ही वस्तुस्थिती ध्यानात घेता हा अर्थ चुकीचा नव्हता. परंतु संसाराला पस्तीस वर्षे झाल्यावर तो भिंतीवर लिहून ठेवण्याची गरज त्यांना भासली नाही. पांढऱ्याची शिफारस रंगाऱ्याने केली, तेव्हा गार्डसाहेबांनी त्याला गच्चीवर नेले, इंजिनांच्या धुराकडे बोट केले आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावरून बोट फिरवून ते काळे झालेले बोट पुराव्यादाखल त्याच्या नाकाशी धरले.

राहता राहिला निळा. त्याचा निकाल लावण्यासाठी गार्डसाहेब जळगावाहून मोटारीने अजिंठ्यास जाऊन आले, कारण खिडकी नसलेल्या जागेत रंग कसा टिकतो याचा यापेक्षा जुना दाखला पंचक्रोशीत नव्हता. तेथे त्यांना कळले ते असे की, वाकाटकांच्या काळातील त्या चित्रकारांनी गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ आणि चुना एवढ्या देशी सामग्रीवर बहुतेक काम भागवले. निळ्यासाठी मात्र लाजवर्दी दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदक्षानाहून आणवला. सामान इतक्या लांबून मागवण्याची आपली ऐपत नाही, असे सांगून गार्डसाहेबांनी निळा रंग बाद केला. नीळ वाण्याच्या दुकानात पुडीने मिळते, हे रंगाऱ्याने सांगून पाहिले. पण बदक्षानापुढे वाण्याचे दुकान टिकले नाही.

पुढे कोणीतरी मुंबईहून रंगांच्या नमुन्यांची घडीपट्टी आणून दिली. केसांची बट कपाळावर आलेला, कुंचला आणि डबा घेतलेला जो गट्टू नावाचा पोरगा आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढला, तो तोवर दुकानादुकानांतून झळकू लागला होता. त्या पोराने निदान कुंचला रंगात बुडवला तरी आहे. गार्डसाहेबांनी बुडवलेला कुंचला पुन्हा पुन्हा धुऊन ठेवायला लावला. नमुन्याची चौकट बोटाच्या पेराएवढी आणि भिंत हत्तीएवढी, तेव्हा पेरावरून हत्ती ओळखावा कसा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. म्हणून भिंतीवर एकेक वीत ठिगळ लावून पाहण्याची तजवीज झाली. ओला चुना गडद दिसतो, वाळला की फिकट होतो. वैशाखात तर भिंतीवर आधी पाणी मारले नाही तर तो कुंचल्याखालीच वाळून पापुद्रे धरतो. त्यातून सकाळी दारातून ऊन येते तेव्हा ठिगळाचा रंग एक, दुपारी दार लावल्यावर दुसरा आणि रात्री पंचवीसच्या दिव्याखाली तिसरा. गार्डसाहेब तिन्ही वेळी हजर राहून वहीत शेरे लिहीत. भिंतीवर ठिगळे सतरा झाली, वहीतले शेरे एकावन्न; आणि प्रत्येक नव्या ठिगळासमोर रंगारी आशेने वळून पाही तेव्हा गार्डसाहेबांचे दोन्ही हात, तीस वर्षांच्या सवयीने, डोक्यावर उंच गेलेले असत.

अखेर एके दिवशी रंगारी पिंपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चुना भिजू भिजू म्हातारा झाला. आता त्याले पेन्शन द्या, नाही तं मले सुट्टी द्या."

प्रकरण पुन्हा तहकूब होणार असे दिसताच बाईसाहेबांनी ते आपल्या दप्तरात घेतले. त्यांची अडचण तात्त्विक नव्हती. बोळ अरुंद असल्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या खांद्याला चुना लागत होता आणि तो झटकण्याचे काम त्यांच्याकडे होते. गार्डसाहेब पेन्शनीसाठी खजिन्याकडे गेल्याची संधी साधून त्यांनी रंगाऱ्याला बोलावले, चुन्यात डिंक घालायला सांगितला, वाण्याकडून एक जिन्नस आणवला आणि अठरावे ठिगळ स्वतः उभे राहून लावून घेतले.

गार्डसाहेब परतले तेव्हा ते वाळले होते. त्यांनी चष्मा पुसला. दार उघडून पाहिले, दार लावून पाहिले, दिवा लावून पाहिले. वही काढली, पण शेरा लिहिला नाही.

"हा रंग कोणी सुचवला?"

"पसंत नसेल तर पुसून टाकते," बाईसाहेब आतून म्हणाल्या.

"पसंतीचं नाही म्हणत मी. डोळ्यांना कसं स्वस्थ वाटतं याच्याकडे पाहून. इतके दिवस हा सुचला कसा नाही कोणाला?"

रंगारी काही सांगण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात बाईसाहेबांनी त्याच्या हातात चहाची कपबशी दिली. ती पिवडी होती. ज्यांच्या भिंतींत गार्डसाहेबांची नोकरी गेली, मुले झाली, पाळणे हलले आणि बदल्यांचे हुकूम आले, त्या रेल्वेच्या क्वार्टरांना दर दोन-तीन वर्षांनी सरकारी खर्चाने जी फासली जात असे, तीच चुन्यात कालवलेली साधी पिवडी. घर सोडताना मागे टाकलेली ती भिंत बाईसाहेबांनी बिनबोभाट पुढे आणून उभी केली होती.

रंगाऱ्याने चहा संपवला, कुंचला पिंपात बुडवला आणि सवयीप्रमाणे वळून पाहिले. झेंड्या निवृत्तीच्या दिवशीच सरकारजमा झालेल्या. गार्डसाहेब बोळाच्या टोकाशी ताठ उभे राहिले आणि त्यांनी एक हात आडवा, स्थिर, नियमाप्रमाणे धरला. बोळ अरुंद होता. बोटे ठिगळांना टेकली, आणि ती त्यांनी काढली नाहीत.