रुमाल टाकून गेलेली कनेक्शनं

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि आपण खाली उसाचा रस पीत उभं राहायचं, ही कला फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. वेब अ‍ॅप्लिकेशनांशी संबंध आला आणि तो अभिमान उतरला.

पोस्टग्रेसच्या गाडीत मुळात १०० जागा. त्यातल्या ३ सुपरयूजरसाठी राखीव, आमदारांच्या सीटसारख्या. गाडी भरली की डेटाबेस ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणून दार लावून घेतो. मग आमचे साहेब धावत येतात. ‘ट्रॅफिक वाढलंय! शंभराचे हजार करा!’ पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी उघडून पाहावं, तर निम्म्याहून अधिक ओळींपुढे ‘आयडल’. सगळे रुमाल! ४ सर्व्हर, प्रत्येकावर ८ वर्कर, प्रत्येक वर्करचा १० चा पूल. झाले ३२० रुमाल, आणि साइटवर माणसं किती, तर साहेब धरून अकरा. शिवाय पोस्टग्रेस दर कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस पोसतो. रुमालालाही मेमरी लागते.

मायएसक्यूएल याबाबतीत फारच मायाळू. त्याचा वेट-टाइमआउट २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर आठ तास. इतका वेळ काही न करता बसू देणारी नोकरी माझ्या ऐकिवात नाही.

पण नुसता आयडल परवडला. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ हा खरा छळवादी. हा ‘बिगिन’ म्हणतो आणि बाहेरच्या पेमेंट सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसतो. कुलपं त्याच्या खिशात, बाकीचे ताटकळत; व्हॅक्यूमलाही मेलेल्या ओळी उचलता येत नाहीत, टेबल फुगत जातं. याला हाकलणारा टाइमआउट २०१६ मध्ये, ९.६ आवृत्तीत आला. साध्या आयडलला हाकलायला २०२१ ची १४ वी आवृत्ती उजाडावी लागली. आणि दोन्ही मुळात बंदच! आपण आकडा घालेपर्यंत कुणाला कुणी उठवत नाही.

शेवटी पीजीबाउन्सर नावाचा कंडक्टर नेमला. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये तो काम चालू असेपर्यंतच जागा देतो, संपलं की उठवतो. ‘लिसन’वर कान लावून बसलेलं आमचं नोटिफिकेशन तेवढं मुकं झालं, त्याला थेट वेगळं कनेक्शन दिलं. बाकी सगळा कारभार २० कनेक्शनांत आरामात चालू लागला.

साहेबांनी हिशेब पाहिला, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘उरलेल्या कनेक्शनांचे पैसे परत मिळतील का हो?’

पोस्टग्रेस फुकट असतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.