घोड्याचे पाय

अश्वारूढ पुतळ्याच्या घोड्याचे पाय मोजणारे एक गृहस्थ बसमध्ये भेटतात. पुढचे दोन्ही पाय वर म्हणजे स्वार रणात पडला, एक वर म्हणजे जखमांनी गेला, चारही जमिनीवर म्हणजे अंथरुणात. पोथीत लिहिल्यासारखं सांगतात. मुंबईच्या काळ्या घोड्यावरचा युवराज एडवर्ड १८७९ साली चौकात बसला आणि मेला १९१० मध्ये. एकतीस वर्षं आधी घोड्याला कसं कळलं, असं विचारलं तर गृहस्थ खिडकीबाहेर बघतात.

ससूनशेठने हौसेने दिलेला तो स्वार लोकांच्या लक्षातच राहिला नाही; नाव पडलं घोड्याचं. १९६५ साली दोघांची रवानगी राणीच्या बागेत झाली, तरी चौक काळा घोडाच. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वाराविना. अनुभवातून शहाणपण, दुसरं काय!

बस हिंदमाताला पावसाच्या पाण्यात अडकते. पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्यात; वर आम्ही. इथे अश्वारूढ पुतळा बसवायचाच तर शिल्पकाराला एवढंच सांगा, घोड्याचे चारही पाय वर हवेत. स्वाराचं काय झालं, ते जुलैत कळेल.