पिनवाले दादा

विरार पश्चिमेला कुठल्याही सोसायटीत शिरा, एक पिनवाले दादा सापडतातच. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, नोकरी अंधेरीच्या पुढे कुठेतरी आणि घरच्या माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात वायरी. वहिनी दर दिवाळीला तो भंगारात काढतात, दादा दर दिवाळीला जिन्यातून परत आणतात.

आमच्या मजल्यावरच्या दादांना यंदा माळा आवरताना लिटिल मास्टर हा व्हिडिओ गेमचा खोका सापडला. नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी सामुराई नाहीतर लिटिल मास्टर, त्याच्या दाराशी चपलांचा ढीग. निन्टेंडोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम काढला, त्याची ही नक्कल. अस्सल आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे नकलेला नावं ठेवायला कुणी नव्हतं. सोबत कॅसेट, वर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’. आत खरे गेम मोजकेच, बाकी त्यांचीच फिरवाफिरव. बिल्डरांची माहितीपत्रकं वाचून फ्लॅट घेतलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही.

भिंतीवर नवा सपाट टीव्ही आणि त्याच्या मागे खोक्याच्या वायरीच्या पिवळ्या पिनेला भोकच नाही. तुम्ही-आम्ही इथे खोका गुंडाळून ठेवला असता. दादांचा चेहरा मात्र उजळला.

विरार फास्टने दादर, तिथून स्लोने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवरून एक डबी आली. ती निघाली ‘एचडीएमआय टू एव्ही’, म्हणजे नवा खोका जुन्या टीव्हीला जोडायची. हवी होती ‘एव्ही टू एचडीएमआय’. दिसायला दोघी जुळ्या, पण जायचं चर्चगेटला आणि बसायचं डहाणू गाडीत, असा प्रकार. दादा पुन्हा गेले. मला वाटतं, आनंदाने गेले.

दुसऱ्या डबीला वीज वेगळी लागते, ती टीव्हीच्याच यूएसबीतून घ्यायची, हे सगळ्या मजल्याला समजावून झालं. तांबडी पिन लोंबकळत होती.

“ही राहिली की!” वहिनी.

“खोक्याचा आवाज एकाच वायरीतून येतो. ती शोभेची.”

चित्र आलं. पोरं ओरडली. दादा डोळे बारीक करून बघत राहिले. “मारिओ सुटलाय.” मूळ चित्र चारास तीन, टीव्ही सोळास नऊ, ताणून सगळ्यांचीच पोटं पुढे आलेली. दादांनी सेटिंगमध्ये जाऊन चित्र आखडलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. आजी म्हणाल्या, “अरे, पैसे अख्ख्या टीव्हीचे दिलेस ना?”

मग उडी उशिरा लागायला लागली. खोका जेमतेम २४० ओळी पाठवतो. त्यांच्या १०८० करेपर्यंत डबी आणि टीव्ही हिशेब करत बसतात, तोवर मारिओ खड्ड्यात. दादांनी ‘गेम मोड’ लावला. टीव्हीची स्वतःची रंगरंगोटी बंद झाली, उडी बरीच वेळेवर आली. खेळायला मात्र दादा स्वतः बसले नाहीत. चित्र लागलं की त्यांचा त्यातला रस संपतो.

सगळं मिटलं असतं, पण डब्याच्या तळाशी बंदूक निघाली.

डक हंट, बदकं टिपायचा खेळ. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. तो उजेड नळीतल्या डोळ्याने टिपला की बदक पडलं. म्हणजे बंदुकीतून काही सुटतच नाही, टीव्हीच बंदुकीला मारतो. हा सगळा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेला. सपाट टीव्ही चौकोन दाखवेपर्यंत खेळाने नेम चुकला असं ठरवून टाकलेलं असतं. पोरांनी पडद्याला नळी टेकवून झाडल्या. बदकं उडत राहिली, कुत्रा गवतातून वर येऊन हसत राहिला.

“याला कन्व्हर्टर नाही,” दादा म्हणाले. असा सुखावलेला आवाज मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकला आहे. “डबा टीव्हीच लागणार.”

गेले काही रविवार ते नालासोपारा पूर्वेच्या भंगारवाल्यांकडे फिरत होते. काल एक मिळाला, एकोणतीस इंची. वहिनींनी विचारलं, टीव्हीच्या पुढ्यात टीव्ही ठेवणार का? दादांनी टेप काढून बेडरूमची भिंत मोजली आणि आमची बेल वाजवली.

“भाऊ, रिकामे आहात ना? खाली टेम्पो उभाय. आणि लिफ्ट बंद आहे.”