चीफसाहेब सिनेमा बघतात

जहाजावरून निवृत्त झालेला चीफ इंजिनियर ओळखणं सोपं आहे. लिफ्ट बंद पडली की बाकीचे वॉचमनला हाका मारतात. हा दाराला कान लावतो. आणि टीव्हीवर जहाज दिसलं, की ताट घेऊन थेट पुढ्यात येऊन बसतो.

परवा ‘स्पीड 2’ लागला होता, 1997चा. पहिल्या भागातल्या किआनू रीव्ह्जनं यात काम करायला नकार दिला होता, असं नातवानं सांगितलं. “शहाणा मुलगा,” चीफसाहेब म्हणाले आणि उशी पाठीला घेऊन नीट टेकले.

खलनायक विलेम डफो अंगाला जळवा लावून घेतो. यावर त्यांची हरकत नव्हती. “काँट्रॅक्ट लांबलं की माणसं असंच काहीतरी करतात.” पण त्यानं कॉम्प्युटरवरून अख्खं जहाज पळवलं, तेव्हा घास हातातच राहिला. “अरे, खाली उतरा! इंजिनपाशी लोकल कंट्रोल असतो. हातानं इंधन तोडा, विषय संपला!” पुढे नायकानं बो थ्रस्टर लावून भरधाव जहाज तेलाच्या टँकरला चुकवलं. “बो थ्रस्टर धक्क्याला लागताना वापरायचा असतो! पाच-सहा नॉटच्या वर त्याला कोण विचारतं?”

“अहो, पण टँकर वाचला ना?” काकू.

“तेच तर चुकलं!”

सँड्रा बुलकला ओलीस धरून खलनायक विमानातून पळाला, नायक पाठोपाठ. चीफसाहेब भात वाढून घ्यायला उठले. “ओलीस असे सुटत नाहीत. ते ‘रुएन’ जहाज आठव. डिसेंबर 2023मध्ये चाच्यांनी धरलं, सुटलं मार्चमध्ये. आपली ‘आयएनएस कोलकाता’ 40 तास मागे लागून होती. वरून कमांडो उतरले, 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप. पण त्याआधीचे तीन महिने त्या 17 जणांनी काय केलं असेल? वाट बघितली. ते दाखवा ना!”

“आजोबा, ते कोण बघेल? केवढं बोअर!”

“मग? समुद्रावर दुसरं काय असतं?”

काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला. “तरीच. सुट्टीवर आलात की मी विचारायची, काय काय झालं? तुमचं ठरलेलं उत्तर, काही नाही.”

चीफसाहेब ताठ बसले. “काही झालं नाही, त्याचाच तर पगार मिळायचा!”