पाडण्यापूर्वी पाहून घ्यावे

पॅरिस शहराच्या तेराव्या विभागात, सीन नदीच्या जवळ, बेताच्या प्राप्तीच्या भाडेकरूंसाठी बांधलेली नऊ मजल्यांची एक इमारत होती. आणि तिच्यात राहणारे व तिचे भाडे वसूल करणारे यांना वगळता, ती तेथे उभी आहे याची दखल घेण्याची तसदी त्या कलासक्त नगरीतील कोणी कित्येक वर्षांत घेतली नव्हती. पुढे ही इमारत जमीनदोस्त करावयाची असे ठरले, बिऱ्हाडे एकामागून एक हलू लागली, आणि जिच्या भिंतींना हयातीत रंगाचा दुसरा हात मिळण्याची मारामार, तिचे दैव एकाएकी असे काही उघडले की, एका कलादालनाच्या चालकाच्या पुढाकाराने देशोदेशींचे शंभराहून अधिक रस्त्यावरचे चित्रकार तिच्या ३६ सदनिकांत शिरले आणि भिंती, छते, जिने, इतकेच काय पण न्हाणीघरेसुद्धा त्यांनी आपादमस्तक रंगवून काढली. २०१३ च्या ऑक्टोबर महिन्यापुरते हे प्रदर्शन विनामूल्य खुले झाले. सुरक्षिततेच्या नियमान्वये एका वेळी ४९ माणसांनाच आत सोडावयाचे असल्यामुळे बाहेर जी रांग लागली तिच्यात सुविद्य नागरिक तासन्‌तास तिष्ठत राहिले, आणि ज्या जिन्याकडे त्यांनी एरवी ढुंकूनही पाहिले नसते तो चढावयास मिळाला म्हणून कृतार्थ होऊन घरी परतले.

प्रदर्शन संपल्यावर, ही चित्रे निदान संगणकाच्या पडद्यावर तरी जिवंत राहावीत म्हणून, रसिकांनी टिचक्या मारमारून त्यांचा एकेक ठिपका वाचवावा अशीही योजना निघाली. आणि ती पार पडल्यावर २०१४ च्या एप्रिलात पाडकामाची यंत्रे आली व त्यांनी वाचविलेले आणि न वाचविलेले असा कोणताही पंक्तिप्रपंच न करता आपले काम चालू केले.

या हकीकतीत प्रस्तुत लेखकाला सर्वांत मननीय वाटते ती गोष्ट अशी की, त्या इमारतीची चाळीस-पन्नास वर्षांची हयात जी मिळवून देऊ शकली नाही ती प्रतिष्ठा तिला केवळ एका तारखेने मिळवून दिली, आणि ती तारीख उद्‌घाटनाची नव्हती. हीच चित्रे, हेच चित्रकार आणि हीच वास्तू. परंतु ‘हे सर्व येथे कायमचे राहणार आहे’ असे कोणी जाहीर केले असते, तर रांग लागणे दूरच, पण शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेकडे तक्रारअर्ज गुदरला असता.

तसा अर्ज गुदरण्यास आधारही भक्कम आहे. भित्तिचित्रकार हा मूळचा निशाचर. परक्याच्या भिंतीवर परवानगीवाचून रंगाचा फवारा मारून पहाटेच्या आत पसार व्हावे ही त्याची कुलपरंपरा, आणि त्याला धरून दंड करावा ही शासनाची. आपल्याकडेही मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा अधिनियम जारी आहे, आणि त्याच्या छत्राखाली नेत्यांच्या वाढदिवसांचे फलक, गुप्तरोगांवरील रामबाण औषधे व शिकवण्यांच्या जाहिराती शहरातील भिंतींवर किती निर्धास्तपणे नांदत आहेत हे वाचकांना ठाऊकच आहे. परंतु त्याच निशाचराला, त्याच डब्यासह, मालकाने स्वहस्ते किल्ली देऊन मरणपंथाला लागलेल्या घरात नेऊन सोडले की तो कलावंत होतो, त्याच्या अपराधाला आस्वादक मिळतात, आणि त्याच्या नावाची पाटी दाराशी लागते. गुन्हा आणि कला यांच्यातील सीमारेषा कोठे आहे याविषयी सौंदर्यशास्त्रज्ञांनी पुष्कळ शाई खर्च केली. ती रेषा मिळकतीच्या उताऱ्यावरून जाते हे एखाद्या तलाठ्याने त्यांना पूर्वीच सांगितले असते.

या बाबतीत बॅन्क्सी या टोपणनावाने वावरणाऱ्या इंग्रज चित्रकाराची स्पष्टता वाखाणण्याजोगी आहे. स्वतःचे नाव गुप्त व कीर्ती जाहीर ठेवण्याची विद्या त्याच्याइतकी कोणाला साधलेली नाही. वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी २००० सालापासून बंद पडलेला एक सार्वजनिक जलतरण तलाव होता. तेथे चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे अशी हूल गावकऱ्यांना देऊन २०१५ च्या उन्हाळ्यात त्याने ‘डिस्मलँड’ नावाची उदास जत्रा उभारली आणि तीन पौंडांच्या तिकिटावर सुमारे पाच आठवडे चालविली. आत नेण्यास मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत सुऱ्यांच्या बरोबरीने रंगाचे फवारे व खुणेच्या लेखण्या यांचा समावेश होता. म्हणजे ज्या साहित्यावर यजमानाने आपली सारी हयात उभारली, तेच पाहुण्यांना दारात काढून ठेवावे लागे. (त्याच यादीत डिस्ने कंपनीच्या कायदेशीर प्रतिनिधींचेही नाव होते, पण वकिलांना दारात अडविण्याची बुद्धी कलावंतालाच काय, कोणालाही होऊ शकते.) जत्रेतील सेवकांना तोंड आंबट करून, पाहुण्यांशी तुटकपणे वागण्याची खास ताकीद होती, आणि त्याचे तेथील वृत्तपत्रांना मोठे अप्रूप वाटले. आपल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांपाशी हाच अनुभव बिनतिकिटाचा, बारमाही आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी धरून उपलब्ध आहे, याची त्यांना वार्ता नसावी. तथापि थट्टा क्षणभर बाजूस ठेवून सांगितले पाहिजे की, जत्रा मोडल्यावर तिचे लाकूड कॅले येथील निर्वासितांच्या छावणीत निवारे बांधण्यासाठी धाडण्यात आले. एखाद्या प्रदर्शनाने कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर घातल्याचे हे उदाहरण विरळाच. बहुतेक प्रदर्शनांचा क्रम उलट असतो.

तो उलटा क्रम पाहावयाचा असेल तर बर्लिनला जावे. तेथे नुर्नबर्गर रस्त्यावर एका बँकेची रिकामी झालेली इमारत होती, आणि ती पाडून त्या जागी सधनांसाठी सदनिका बांधण्याचा मनसुबा असलेल्या बांधकाम कंपनीने २०१७ साली ती १६५ कलावंतांच्या हवाली केली. एप्रिल आणि मे असे दोन महिने लोकांनी रांगा लावल्या. आत शिरताना प्रत्येकाचा दूरध्वनी पिशवीत बंद करण्यात येई, कारण नश्वर वस्तूचे छायाचित्र काढणे हा तिच्या नश्वरतेचा उपमर्द होय, अशी चालकांची श्रद्धा होती. इमारत यथाकाल पाडली गेली. नश्वरतेचा हा सिद्धान्त कंपनीने मात्र प्रदर्शनाच्या नावापुरता शिथिल केला. कारण त्याच जागेवरील नव्या सदनिका त्याच नावाने विक्रीस निघाल्या. चित्रे गेली, चित्रकार गेले, भिंती गेल्या आणि नाव राहिले. फार काय, ते दर चौरस मीटरच्या भावात मिळाले. जाहिरातीवर पैसा उधळणाऱ्या आपल्या बिल्डरांना हा मार्ग अद्याप कोणी दाखविलेला दिसत नाही, आणि तो या सदरातून दाखविला गेल्यास प्रस्तुत लेखक दलालीवर हक्क सांगणार नाही.

मात्र त्यांनी न्यूयॉर्कचा धडा गिरवून ठेवावा. तेथील क्वीन्स भागातील एका जुन्या कारखान्याच्या मालकाने वर्षानुवर्षे आपल्या भिंती चित्रकारांना मोकळ्या ठेवल्या, आणि पुढे पाडकामाच्या घाईत २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत सर्व चित्रांवर पांढरा रंग फासला. २०१८ साली न्यायालयाने ४५ चित्रांबद्दल प्रत्येकी दीड लाख डॉलर, म्हणजे एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर, २१ कलावंतांना देण्याचा हुकूम केला. न्यायमूर्तींच्या निकालातून मालकवर्गाने घ्यावयाचा बोध असा की, पाडकामाची परवानगी हाती येईपर्यंत दहा महिने हा गृहस्थ गप्प बसला असता तर प्रकरण कदाचित इतके महागात पडले नसते. बुलडोझर रीतसर येतो. घात करतो तो कुंचला.

आता आपल्या मुंबईकडे वळू. आपल्याकडे या कलेचा एक मोठा मेळावा भरला तो कुलाब्याच्या ससून डॉकवर. कापसाच्या व्यापाराच्या भरभराटीत अल्बर्ट ससून यांनी १८७५ साली बांधविलेली ही गोदी पुढे मासळीची झाली, आणि तिच्यातील जुन्या गुदामांत २०१७ च्या नोव्हेंबरात ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने, एका सुप्रसिद्ध रंगकंपनीच्या साह्याने, देशीविदेशी कलावंतांचे प्रदर्शन भरविले. सिंगापूरच्या एका कलावतीने प्लास्टिकचा कचरा छतापासून अशा खुबीने टांगला होता की, खालून चालणाऱ्याला आपण दूषित समुद्राच्या तळाशी आहोत असा भास व्हावा. हे मांडणशिल्प पाहून अंतर्मुख झालेला रसिक बाहेर धक्क्यावर येई तेव्हा त्याला तीच कलाकृती मूळ माध्यमात, भरतीच्या पाण्यावर हेलकावताना दिसे. परंतु तिच्याखाली कोणाच्या नावाची पाटी नसल्यामुळे तो नाकाला रुमाल लावून गाडीकडे वळे. बंदरावर राबणाऱ्या माणसांची मोठमोठी छायाचित्रे भिंतींवर डकविण्यात आली होती, आणि त्यांच्यापुढे उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्यांची अशी दाटी होत असे की, त्या भिंतीवरच्या कोळिणीला रसिकांनी डोळे भरून पाहावे आणि डोक्यावर पाटी घेऊन मागून येणाऱ्या कोळिणीने मात्र ‘ए बाय, वाट सोड’ म्हणून ओरडत राहावे. २०२२ च्या अखेरीस याच गोदीत पुन्हा एक मोठा कलामहोत्सव भरला. त्यावरून आपल्याकडील नश्वरतेला पॅरिसइतकी घाई नसते एवढे सिद्ध होते.

आणि येथेच खरी अडचण आहे. या कलेला एक रिकामी इमारत आणि एक पक्की तारीख अशा दोनच गोष्टी लागतात, आणि मुंबईत नेमक्या त्याच मिळत नाहीत. मोडकळीस आलेल्या इमारतींचा तुटवडा आहे असे नव्हे. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्याच १९,६४२ होती, आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी आजही नित्यनेमाने प्रसिद्ध होते. पण त्या इमारतींत माणसे असतात. नोटीस येते, ती दर्शनी भिंतीवर चिकटविली जाते, तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटते, आणि आतल्या बाईचे कुकर लावणे थांबत नाही. कारण एकदा घर सोडून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे तेथेच लहानाची मोठी झाली, तेथेच लग्ने लावून मोकळी झाली आणि तेथेच नातवंडे खेळवू लागली, हे तिने पाहिलेले आहे. पॅरिसमध्ये इमारत रिकामी होते, मग रंगते आणि मग पडते. आपल्याकडे हा क्रम ठरविण्याचा अधिकार जुलै महिन्याकडे आहे.

शिवाय जी इमारत अजून नांदती आहे तिच्यात नवे प्रदर्शन मांडावे तरी कोठे? तेथे जुने आधीच मांडलेले आहे. पहिल्या मजल्याच्या सज्जाला लावलेल्या सागवानी व लोखंडी टेकूंचे मांडणशिल्प पाहावे. त्यातील कोणता टेकू इमारतीला धरून आहे आणि कोणता इमारतीच्या आधाराने उभा आहे, हे भल्या समीक्षकाला सांगता येणार नाही. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात, पान खाऊन पिचकारी मारणाऱ्यांना जरब बसावी म्हणून, गणपती, साईबाबा, येशू ख्रिस्त आणि मक्का यांच्या चकचकीत फरश्या एका रांगेत बसविलेल्या असतात, आणि सर्वधर्मसमभावाचे इतके निर्मळ स्मारक शासनाला कोट्यवधी खर्चूनही उभारता आलेले नाही. त्यांच्या दोन बोटे वर, जेथे देवांची हद्द संपते, तेथे लाल रंगाचा मुक्त आविष्कार पुन्हा चालू होतो. वरच्या मजल्यावरची ओल दर वर्षी नवे नकाशे काढते. या कलावंतांना कोणी निवडलेले नाही, कोणी पुरस्कृत केलेले नाही, आणि त्यांच्या कृती पाहण्यासाठी रांग लागत नाही. कारण त्या पाहणाऱ्याला रात्री तेथेच झोपावयाचे असते.

तरीही मुंबईने जगाच्या मागे राहू नये या तळमळीने प्रस्तुत लेखकाने सरकारदरबारी सादर करावयाच्या एका अर्जाचा मसुदा तयार केला. अतिधोकादायक ठरलेली प्रत्येक इमारत पाडण्यापूर्वी एक महिना कलावंतांच्या हवाली करावी. भाडेकरूंना त्या मुदतीत मार्गदर्शक म्हणून नेमावे, म्हणजे त्यांना घर सोडावे न लागता घर सोडल्याचा दाखला देता येईल. टेकूंना हात लावण्यास सक्त मनाई असावी. आणि एका वेळी किती रसिकांना वर सोडावयाचे ते सज्जाला विचारून ठरवावे, अशी त्यातील मुख्य कलमे होती.

हा मसुदा गिरगावातील एका चाळीत, पागडीच्या दोन खोल्यांत जन्म काढलेल्या नानांना वाचून दाखविला. त्यांनी तो अडकित्ता बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकला.

“काढू देत की चित्रं,” ते म्हणाले, “पण आधी वरच्या मोरीची गळती काढायला सांगा. रंग धरायचा नाही भिंतीवर. आम्ही तीनदा लावून पाहिलाय.”

आणि तारखेचे काय, असे विचारता ते म्हणाले, “पाडायची तारीख देतील हो ते. परत राहायला यायची तारीख लिहून घ्या आधी.”

सूचना रास्त वाटल्याने मसुद्यात तसा आणखी एक रकाना वाढविण्यात आला असून, गळतीचा मुद्दा तांत्रिक स्वरूपाचा असल्यामुळे तो वेगळ्या पुरवणीत घेतला आहे. बाकीची कलमे पूर्ण झाली आहेत. तारखांचे दोन्ही रकाने संबंधित खात्याने भरावेत म्हणून कोरे सोडून अर्ज तीन प्रतींत दाखल केला. आवक शिक्का मिळाला आहे, तो किंचित पुसट उमटला आहे.