भाऊजी चालतात, काळजी नको

सौ. वहिनीस,


कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

काल तू फोनवर रडायलाच लागलीस. मी शकूआत्याला एवढंच म्हटलं होतं की, यांच्यासाठी ब्लू बॅज काढलाय. तेवढ्यावर तिनं यांना व्हीलचेअरवर बसवलं आणि गणपतीला अभिषेकही बोलली! अभिषेक होऊ दे, पण हे चालतात. गुडघे गेलेत, माणूस नाही.

ब्लू बॅज म्हणजे गाडीच्या काचेमागे ठेवायचं कार्ड. ते असलं की अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावता येते. दुहेरी पिवळ्या रेघांवरसुद्धा तीन तास, फक्त तिथे माल चढवण्या-उतरवण्याची बंदी नको. सोबत पुठ्ठ्याचं घड्याळ मिळतं, त्यावर आपण किती वाजता आलो ते लावायचं. इंग्लंडात फी १० पौंडांपर्यंत, वेल्समध्ये फुकट. हे लगेच म्हणाले, "मग वेल्सलाच राहायला जाऊ." दादाला सांग, मेव्हणा अजून तसाच आहे.

घोडं अडलं ते फॉर्मपाशी. न थांबता किती मीटर चालता? दुखतं का? किती? यांनी लिहिलं, "थोडं दुखतं, चालायचंच." आमच्या सोनूनं ते खोडून सगळं नीट लिहायला लावलं. इथे दुखणं सविस्तर मांडल्याशिवाय काही मिळत नाही, आणि आपल्या घरात कुरकुर केली की अण्णा काय म्हणायचे ते तुला ठाऊक आहे.

मग कौन्सिलनं तपासणीला बोलावलं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाली, चालून दाखवा. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेलेले, काठी मुद्दाम गाडीत ठेवलेली. व्याह्यांना सामोरं जावं तसे ताठ चालत गेले! बाई हुशार, म्हणाली, आता परत या. येताना यांनी भिंत धरली. पूर्वी किती चालायचात, असं विचारल्यावर यांनी तिला साताऱ्याच्या चार भिंतींचा चढ सांगायला घेतला, रोज सकाळी, चहाच्या आधी. तिला बिचारीला काय कळणार? पण सांगता सांगता यांचाच आवाज बसला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आता साताऱ्याला गेलो तरी अजिंक्यतारा खालूनच बघायचा." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बॅज आला. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. सोनू एकटी बाजारात न्यायला निघाली तर यांनी १,००० पौंडांपर्यंतच्या दंडाचा कागदच तिच्यापुढे धरला. त्यामुळे आता खरेदीला यांना न्यावंच लागतं, आणि हे कोथिंबिरीच्या जुडीचा भाव रुपयांत करून दुकानभर ऐकवतात. असला बॅज नसता मिळाला तरी चाललं असतं, असं मला आठवड्यातून एकदा तरी वाटतं.

पार्सल पोचलं. मेतकूट शाबूत, पण चटणीचं तेल दादाच्या चिठ्ठीवर सांडलंय. शेजाऱ्यांच्या कुंपणाचं काय झालं, तेवढंच वाचता येत नाही. मोजणी करून घ्या म्हणावं, तोंडी भांडू नका. पिंट्याला मुलगी पसंत आहे ना? मग तिच्या आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, तीही तुझ्याबद्दल हेच म्हणत असेल.

शिट्ट्या झाल्या. वहिनी, लग्नाची तारीख ठरली की आधी आम्हाला कळव, ऐन वेळी तिकिटं परवडत नाहीत. आणि कार्यालय तळमजल्याचं, दारापर्यंत गाडी येईल असं धरा. यांचा बॅज साताऱ्याच्या राजपथावर चालत नाही.

तुझी,
कुंदा